रेकॉर्ड जमवणे, ऐकणे आणि ऐकवणे : खानदेशातील संगीतप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील आम्ही काही श्रोते वेळोवेळी एखाद्याच्या घरी जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडत्या कलाकाराची एक तबकडी आणायची, तिच्याविषयी थोडे बोलायचे आणि मग सर्वांनी ती शांतपणे ऐकायची, एवढाच आमचा शिरस्ता आहे. या बैठकांमुळे ओळखीच्या आणि अनोळखी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

१. जुने घर पाडताना आजोबांच्या रेकॉर्डींची पेटी सापडली. सर्वांत आधी काय करावे?

त्या दिवशी तबकडी वाजवू नये आणि धुऊही नये. धाब्याच्या घरात छताची माती वर्षानुवर्षे झिरपत असते आणि तिचे बारीक खडे तबकडीच्या खाचांत बसलेले असतात. अशा तबकडीवर सुई ठेवली किंवा फडके फिरवले, तर खडा खाचेतून ओढला जातो आणि कायमचा ओरखडा उमटतो. पेटी सावलीत आणून तबकड्या एकेक करून बाहेर काढाव्यात, मऊ कोरड्या ब्रशने वरची माती झटकावी आणि त्या उभ्या ठेवाव्यात. त्यानंतर वही घेऊन प्रत्येक लेबलवरील गायकाचे नाव, रागाचे किंवा गाण्याचे नाव, कंपनी आणि क्रमांक उतरवून घ्यावा.

कागदी कव्हरे फाटकी असली तरी टाकू नयेत. त्यांवर विक्रेत्याचे नाव, लग्नातील आहेर म्हणून दिल्याची नोंद किंवा खरेदीची तारीख हमखास सापडते. एखादी तबकडी फुटलेली असेल, तरी तिच्या लेबलची नोंद झाल्याशिवाय ती भंगारात देऊ नये.

२. लाखेची तबकडी आणि प्लॅस्टिकची तबकडी कशी ओळखावी?

लाखेची तबकडी जाड, जड आणि ठिसूळ असते. ती बहुधा दहा इंची असते, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने वाजते आणि तिच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचे एकच गाणे मावते. नाव लाखेचे असले तरी तिच्यात लाखेपेक्षा दगडाची भुकटीच जास्त असते, आणि म्हणून ती हातातून पडली की फुटते. व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची तबकडी हलकी आणि किंचित लवचीक असते. बारा इंची एलपी ३३⅓ फेऱ्यांनी आणि सात इंची ईपी बहुधा ४५ फेऱ्यांनी वाजते. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली आणि आपल्याकडे ती रुळायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. दहा इंची एलपीही निघाल्या होत्या, तेव्हा केवळ आकारावरून निर्णय न करता लेबलवरील वेग वाचावा. वाकवून पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये, कारण तबकडी लाखेची निघाली तर ती हातातच तुटते.

३. रेकॉर्ड ऐकण्यासाठी भोंग्याचा जुना ग्रामोफोन घ्यावा का?

घरात चालू स्थितीतील खरा ग्रामोफोन असेल तर तो जरूर जपावा, पण केवळ ऐकण्यासाठी तो विकत घेऊ नये. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसवलेला डबीसारखा भाग, तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतो, तर आजच्या चांगल्या टर्नटेबलच्या सुईचा भार दीड ते दोन ग्रॅमच असतो. पोलादी पिन एक बाजू वाजली की बदलायचीच असते. ती बदलली नाही, तर बोथट झालेली पिन खाच खरवडून काढते. एलपी तर अशा यंत्रावर एकदा वाजवली तरी कायमची बिघडते.

बाजारात पितळी चकाकता भोंगा आणि कोरीव लाकडी पेटी असलेले जे ग्रामोफोन ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणून मिळतात, ते बहुतांशी सुटे भाग जुळवून अलीकडे तयार केलेले असतात. ते शोभेसाठी ठीक आहेत, पण जपण्याजोगी तबकडी त्यांवर लावू नये.

ऐकण्यासाठी तिन्ही वेग असलेले टर्नटेबल, फोनो इनपुट (टर्नटेबल जोडण्याची खास जागा) असलेला ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर पुरतात. लाखेच्या तबकडीसाठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते, कारण तिची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्यात टाकली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते.

४. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रेकॉर्ड टिकतील का?

टिकतील, पण जागा विचारपूर्वक निवडावी लागेल. व्हिनाइल साधारण साठ अंशांच्या आसपास मऊ पडून आपल्याच वजनाने वाकू लागते. भुसावळ किंवा जळगावच्या उन्हाळ्यात घरातील सावलीची हवा तेवढी तापत नाही, मात्र पत्र्याच्या खोलीतील माळा, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट आणि उन्हात उभी असलेली बंद मोटार या तीन जागा त्या तापमानाला सहज पोहोचतात. बैठकीसाठी धुळ्याहून जळगावला येताना वाटेत पारोळ्याला किंवा एरंडोलला चहासाठी थांबायचे असेल, तर रेकॉर्डींची पिशवी गाडीत न ठेवता बरोबर घ्यावी.

घरात उत्तरेकडील किंवा मधली खोली, खालचा मजला आणि आतल्या भिंतीजवळचे लाकडी कपाट ही सर्वांत उत्तम जागा आहे. मातीच्या जाड भिंतींचे जुने घर असेल, तर त्याची मधली खोली सिमेंटच्या नव्या बंगल्यापेक्षा अधिक थंड राहते, याचा अनुभव आमच्यापैकी अनेकांना आहे. तबकड्या पुस्तकांसारख्या सरळ उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या तबकड्यांवर भार येतो, आणि तिरक्या ठेवल्या तर त्या उन्हाळ्याच्या दोन महिन्यांतच बाक धरतात. लाखेची एक दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅम भरते, म्हणजे शंभर तबकड्यांचे वजन वीस किलोंच्या घरात जाते, त्यामुळे फळी तेवढी मजबूत हवी.

५. मग कूलर लावलेल्या खोलीत ठेवल्या तर उत्तम नाही का?

नाही. खानदेशात रेकॉर्डींचे सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते, म्हणून हा प्रश्न वेगळा घेतला आहे. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळून. बंद खोलीत दिवसभर कूलर चालला, तर कपाटाच्या मागची भिंत आणि पुठ्ठ्याची कव्हरे ओल धरतात. नंतर पावसाळा येतो आणि ती ओल हटतच नाही. कव्हरावर आधी पिवळसर ठिपके दिसतात, मग तबकडीवर पांढरट जाळे पसरते. ती बुरशी असते आणि लाखेच्या पृष्ठभागाला तर ती खाऊही लागते. तापमान दोन अंश जास्त असलेली कोरडी खोली रेकॉर्डसाठी थंड पण ओलसर खोलीहून केव्हाही चांगली.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ऊन पडलेले असताना कपाटाची दारे उघडून हवा खेळू द्यावी, पण ऊन प्रत्यक्ष तबकडीवर येऊ देऊ नये. मऊ प्लॅस्टिकची बाहेरची पिशवी ओल कोंडून ठेवते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती काढून टाकावी.

६. रेकॉर्ड धुवायची योग्य पद्धत कोणती?

सर्वांत आधी निषेधाचा नियम सांगतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडीवरील गाणे अक्षरशः पुसले जाते. घासलेट आणि खोबरेल तेलही नको. चमक यावी म्हणून तेल चोळलेल्या तबकड्या आमच्याकडे नेहमी येतात. त्या दिसायला काळ्याभोर असतात, पण तेलावर बसलेली धूळ खाचांत घट्ट होऊन बसलेली असते.

दोन्ही प्रकारच्या तबकड्यांसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे एक-दोन थेंब पुरतात. हे पाणी बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. बोअरचे पाणी वापरू नये, कारण आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात आणि ते वाळल्यावर खाचांत पांढरे कण राहतात. मऊ कापड किंवा बारीक केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलाकार फिरवावा, आडवा ओढू नये. लेबल कोरडे राहील याची काळजी घ्यावी. शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवून तबकडी पंख्याखाली उभी वाळवावी. लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये.

७. मी नवखा आहे. सुरुवात कोणत्या कलाकारापासून करावी?

जो आवाज आधीपासून आवडतो, त्यापासून सुरुवात करावी आणि तेथून मागे जावे. भीमसेन जोशी आवडत असतील, तर त्यांचे गुरू सवाई गंधर्व ऐकावेत आणि मग सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. हा मार्ग आम्ही मुद्दाम सुचवतो, कारण त्याच्या मुळाशी एक तबकडीच आहे. अब्दुल करीम खाँ यांची रेकॉर्ड दुकानात ऐकून लहानगे भीमसेन गाण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्याच परंपरेत हिराबाई बडोदेकर येतात, ज्या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या होत, आणि गंगूबाई हनगलही येतात. तीन पिढ्यांतील हे गायक एका बैठकीत पाठोपाठ ऐकले, की स्वर लावण्याची एक रीत हातोहात कशी पुढे गेली आणि प्रत्येकाच्या गळ्यात कशी बदलली, हे व्याख्यानाशिवाय कळते.

८. तीन मिनिटांच्या तबकडीत राग कसा मावतो? ते गाणे अर्धवट वाटते.

पहिल्या वेळी तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या गायकांनी तासाभराचे गाणे कापून तीन मिनिटांचे केले नव्हते, तर तीन मिनिटांसाठी वेगळी बांधणी केली होती, हे लक्षात घेऊन पुन्हा ऐकावे. अब्दुल करीम खाँ यांची एखादी ठुमरी लावून घड्याळ समोर ठेवावे. पहिल्या काही सेकंदांतच मुखडा येतो, लगेच दोन-तीन आलापांत रागाचा चेहरा स्पष्ट होतो, मध्यावर अंतरा वरच्या षड्जावर क्षणभर विसावतो, मग सरगम किंवा तान आणि सुई आतल्या कडेला पोहोचण्याआधी सम. वाया गेलेली एकही जागा सापडत नाही. केसरबाई केरकरांची भैरवी तर साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांत तिची निवड झाली.

तबकडी १९२५ पूर्वीची असेल, तर ती मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेली असते. तिच्यात तंबोरा जवळजवळ ऐकू येत नाही आणि तबला दूरवर वाजल्यासारखा वाटतो. हा यंत्राच्या मर्यादेचा परिणाम आहे आणि त्यावरून साथीदाराची पारख करू नये. गाण्याच्या शेवटी कलाकार आपलेच नाव मोठ्याने सांगतो, ते ऐकूनही नवे श्रोते चकित होतात. भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात झाली, तेव्हा तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गौहर जान यांच्यासारखे कलाकार शेवटी नाव पुकारत.

९. बालगंधर्वांची तबकडी लावली की आवाज फार चढा आणि घाईचा वाटतो. तबकडी खराब आहे का?

बहुधा वेग चुकलेला असतो. ‘७८’ हा आकडा सरसकट लिहिला जात असला, तरी प्रारंभीच्या काळात मुद्रणाचा वेग सगळीकडे सारखा नसे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांवर वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले टर्नटेबल असेल, तर त्याच कलाकाराच्या त्याच काळातील तीन-चार तबकड्या ऐकून, पेटीच्या पट्टीशी ताडून वेग ठरवावा.

आपल्या यंत्राचाच वेग बरोबर आहे का, हे आधी तपासावे. त्यासाठी ७७ रेघांची स्ट्रोबची चकती वापरतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरील दिव्याखाली यंत्र ७८ च्या वेगाने फिरत असेल, तर त्या रेघा स्थिर दिसतात. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग बहुधा फसतो, म्हणून जुनी चोकवाली ट्यूबलाइट वापरावी.

बालगंधर्वांविषयी आमच्याकडे सर्वाधिक विचारणा होते, आणि ते योग्यही आहे. लहानपणी त्यांच्या गाण्याचे शिक्षण काही काळ जळगावात झाले होते आणि त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह तसेच त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव आजही जळगावात आहे. त्यांची तबकडी योग्य वेगाने ऐकली की शब्दावरचा तो हलका विसावा आणि लयीशी चाललेला लडिवाळ खेळ पहिल्यांदा नीट ऐकू येतो. चुकीच्या वेगाने नेमके तेच हरवते.

१०. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांची रेकॉर्ड कुठे मिळेल?

कोठेही मिळणार नाही. या दोघांच्याही गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, म्हणून त्यांच्या नावाने कोणी तबकडी विकत असेल, तर ती घेऊ नये. अल्लादिया खाँ यांची गायकी ऐकायची असेल, तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्या ऐकाव्यात. भास्करबुवांच्या शिष्यांत बालगंधर्व होते, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

११. लेबलवरील अक्षरांवरून रेकॉर्ड किती जुनी आहे, हे कळते का?

अंदाज बांधता येतो. लेबलवर एचएमव्ही कंपनीच्या ओळखीच्या कुत्र्याच्या चित्राऐवजी लेखणी धरलेला देवदूत असेल, तर तबकडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपासची असते. एका बाजूला गाणे आणि दुसरी बाजू कोरी, असे असेल तर तीही जुनेपणाची खूण आहे. एचएमव्हीच्या एलपींवर ‘ईसीएलपी’ ही अक्षरे असतील तर ती मोनो आणि ‘ईसीएसडी’ असतील तर स्टिरिओ समजावी. ‘७ईपीई’ हे ईपीचे चिन्ह आहे. लेबलच्या भोवतालच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही वहीत अवश्य उतरवावा, कारण एकाच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे असतील तर फरक त्यावरूनच कळतो.

१२. एका मंडपवाल्याकडे रेकॉर्डींचा मोठा गठ्ठा आहे. विकत घ्यावा का?

पाहून घ्यावा. कॅसेट येण्यापूर्वी लग्नात, यात्रेत आणि तंबूतल्या सिनेमापूर्वी लाउडस्पीकरवर तबकड्या वाजत, आणि त्या भाड्याने पुरवणाऱ्यांकडे मोठे संग्रह असत. अशा तबकडीच्या लेबलवर बहुधा मालकाचा जांभळा रबरी शिक्का आणि हाताने घातलेला अनुक्रमांक असतो. ती उजेडात तिरपी धरून पाहावी. खाचा काळ्या न दिसता राखाडी दिसत असतील, तर जड पिकअपने, म्हणजे सुई धरणाऱ्या जड भागाने, त्या झिजल्या आहेत आणि कितीही धुतले तरी आवाज परत येणार नाही.

गंमत अशी की याच गठ्ठ्यांत उत्तम प्रतीच्या तबकड्याही निघतात. लग्नात ठरावीक गाणीच वाजत, त्यामुळे ख्याल, नाट्यपद किंवा सतार यांच्या तबकड्या कोऱ्या करकरीत राहिलेल्या असतात. वजनावर भाव ठरवू नये, आणि ‘जुनी आहे म्हणजे मौल्यवान आहे’ हेही मानू नये. लाखोंनी खपलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या आजही सहज मिळतात. सुस्थिती आणि दुर्मीळता या दोन गोष्टींनीच किंमत ठरते.

१३. अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्ड मिळतात का?

फार क्वचित. अहिराणी गाणी मोठ्या प्रमाणावर बाजारात आली ती कॅसेटच्या काळात, म्हणून अहिराणीच्या संग्राहकाने कॅसेटकडे दुय्यम वस्तू म्हणून पाहू नये. ती फीत उष्णतेने आणि बुरशीने तबकडीपेक्षा लवकर खराब होते, त्यामुळे प्रश्न ४ आणि ५ मधील काळजी तिलाही तेवढीच लागू आहे.

कानबाईची आणि गुलाबाईची गाणी, वहीगायन, सातपुड्यातील पावरीवादन यांतील किती तरी भाग कधीच मुद्रित झालेला नाही. घरातील आजी ती गाणी गात असेल, तर तिची संमती घेऊन आजच मोबाईलवर मुद्रण करावे, पंखा बंद ठेवावा आणि सुरुवातीला तिचे नाव, गाव व तारीख तिच्याच तोंडून घ्यावी. आमच्या बैठकीत अशा मुद्रणाला कोणत्याही दुर्मीळ तबकडीएवढाच मान मिळतो.

१४. बैठकीत फक्त शास्त्रीय संगीतच चालते का?

नाही. भावगीत, लावणी, कव्वाली, चित्रपटगीत, पाश्चात्त्य संगीत सर्व चालते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून आलेल्या एखाद्या गठ्ठ्यात इंग्रजी नृत्यसंगीत निघाले, तर तेही आणावे. अट एकच आहे : ती तबकडी आपल्याला का आवडते, हे आणणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत सांगावे.

१५. मित्राला रेकॉर्ड उसनी द्यावी का?

द्यावी, मात्र आधी त्याचे यंत्र पाहावे. जुना ग्रामोफोन किंवा बोथट सुई असेल, तर त्याला घरी बोलावून ऐकवावी. देताना वहीत तारखेसह नोंद करावी आणि असलेले ओरखडे दोघांनी मिळून पाहावेत. लाखेची तबकडी पोस्टाने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवू नये.

१६. रेकॉर्ड मोबाईलवर उतरवून इतरांना पाठवणे कायदेशीर आहे का?

प्रताधिकार कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो, त्यामुळे बहुतेक सर्व लाखेच्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला आहे. येथे एक अपवाद नेहमी विसरला जातो : गीताचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. म्हणून जुनी तबकडी असली, तरी गीतकार अलीकडे निवर्तलेले असतील, तर तिची प्रत जाहीरपणे प्रसारित करू नये. पारंपरिक बंदिशीच्या जुन्या तबकडीबाबत ही अडचण सहसा येत नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या उपक्रमात रेकॉर्ड ऐकवण्यास कायद्यात मुभा आहे.

१७. तबकडीला तडा गेला आहे किंवा ती वाकली आहे. दुरुस्त होईल का?

तडा गेलेली लाखेची तबकडी चिकटवू नये, कारण गोंद खाचांत उतरतो. तडा कडेपुरता असेल, तर ती हलक्या सुईवर एकदा वाजवून तिचे डिजिटल मुद्रण करून घ्यावे आणि नंतर ती कायमची ठेवून द्यावी. वाकलेली एलपी दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवून, वर पुस्तकांचा भार देऊन, काही आठवडे सावलीतच ठेवावी. उन्हात ठेवून सरळ करण्याचा उपाय करू नये. तबकडी सरळ होते, पण खाचा मिटतात.

१८. माझ्यानंतर मुले हा संग्रह ठेवणार नाहीत. तो कोठे द्यावा?

आधी यादी पूर्ण करावी, कारण यादी नसलेला संग्रह कोणतीही संस्था सहसा स्वीकारत नाही आणि वारसही तो न पाहता भंगारात काढतात. प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या नोंदींबरोबर तबकडीची स्थिती आणि ती कोणाकडून मिळाली, हेही लिहावे. यादीची एक प्रत मुलांकडे आणि एक समानधर्मी मित्राकडे ठेवावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था याच विषयाला वाहिलेली आहे, तेव्हा मोठ्या संग्रहासाठी तिच्याकडे विचारणा करावी.

जवळच्या एखाद्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला द्यायचे असेल, तर तेथे वाजवण्याचे यंत्र आहे का, कपाट कोणत्या भिंतीला आहे आणि खोलीत कूलर चालतो का, हे स्वतः जाऊन पाहावे. संग्रह विभागला जाणार नाही, इच्छुकांना तो ऐकता येईल आणि संस्थेला नको झाल्यास तो आधी कुटुंबाला परत दिला जाईल, या तीन अटी लेखी घ्याव्यात आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.